जावयाला अननसाचा वास

'निवांत' बाजारात आली आणि वर्षाच्या आत लग्नाच्या पंगतींमधून अननसाचा शिरा नाहीसा झाला. या दोन गोष्टींचा संबंध रसायनशास्त्राशी आहे, आणि तो जयसिंगपूरच्या शिरीष मोरबाळे सरांच्या लक्षात इतरांच्या बराच आधी आला होता. एक कारण म्हणजे निवृत्त होईपर्यंत त्यांनी अकरावी-बारावीला रसायनशास्त्रच शिकवलं होतं. दुसरं कारण ते कुणाला सांगत नसत.

निवांत ही एक कॅप्सूल. सणासुदीला जास्त खाल्लं किंवा प्यायलं, तर दुसऱ्या दिवशी डोकं धरून आणि पोट सांभाळून बसायची वेळ येऊ नये, यासाठी. आपल्या आतड्यात असंख्य जीवाणू असतात. त्यांतले काही अन्नाचा चोथा आंबवून ब्युटिरिक आम्ल बनवतात. खवट लोण्याला जो वास येतो तो याचाच. कंपनीनं अशा एका जीवाणूला एक जादा जनुक बसवलं. आता तो पोटात आलेल्या मद्यार्काला हे आम्ल जोडतो, मधल्या मध्ये पाणी काढून टाकतो आणि एस्टर तयार करतो. मद्यार्क यकृताकडे पोचतच नाही, त्यामुळे डोकं ठणकवणारा पदार्थ तिथं बनत नाही. गोडधोडासाठी कॅप्सूलमध्ये आणखी एक जीव होता. तो जादा साखरेचं आधी मद्यार्क करायचा आणि पहिल्याच्या हवाली करायचा. साखर रक्तात चढत नाही, अंग जड होत नाही, माणूस सकाळी टुणटुणीत. तयार झालेलं एस्टर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्वासातून आणि घामातून निघून जातं. त्यानं अपाय काही होत नाही. फक्त त्याला पिकलेल्या अननसाचा वास येतो.

कंपनीनं हा दोष मानला नाही. 'सकाळी उठा फळासारखे' अशी जाहिरात केली. सहा महिन्यांत शेंबड्या पोरालाही कळलं की सकाळी ज्याला अननसाचा वास येतो त्यानं रात्री घेतलेली असते. बायका नवऱ्यांना दारात हुंगू लागल्या. मुख्याध्यापक हजेरीपटावर सही घेताना जरा जास्त वाकू लागले. मग लोकांनी शक्कल काढली: कुठंही समारंभ असला की अननसाचा शिरा ठेवायचा, म्हणजे सगळ्यांनाच निमित्त. ती शक्कल एक हंगाम टिकली. नंतर शिरा ठेवणाऱ्या घराकडेच लोक संशयानं बघू लागले आणि आचाऱ्यांनी तो बंदच केला.

अपवाद मोरबाळे सरांचं घर. तिथं दर रविवारी सकाळी अननसाचा शिरा होत असे. अननस सर स्वतः शनिवारी बाजारातून आणत, आणि तो घरी ठेवून संध्याकाळी मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जात. हेमाकाकूंना अननस आवडत नसे, त्यानं त्यांची जीभ चरचरे. तरी त्या करत. नवऱ्याला निवृत्तीनंतर एवढी एकच हौस उरलीय, असं त्या शेजारी सांगत.

सरकारही गप्प बसलं नाही. तोंडानं फुंकायचं जुनं यंत्र निवांत घेतलेल्या चालकांना पकडत नसे, कारण रक्तात मद्यार्क सापडायचाच नाही. म्हणून प्रत्येक बस आगारात नवीन यंत्र आलं. ते एस्टर ओळखे. त्याच्यासमोर उभं राहून नाव सांगायचं, हिरवा दिवा लागला तरच बसची किल्ली मिळायची. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. चालक त्याला हुंगणी म्हणत. एस्टर दारूचं की साखरेचं हे हुंगणीला कळत नसे. पण नुसती बासुंदी पचवायला इतकी महाग गोळी कोण घेईल, असा विचार करून नियम झाला: एस्टर म्हणजे दारू.

हा विचार करणाऱ्यांपैकी कुणी आमच्याकडच्या दिवाळसणाला जेवलेलं नसावं.

*

निवांतनं दारूचं काय केलं याची चर्चा खूप झाली. आग्रहाचं काय केलं याची झाली नाही. पूर्वी पाहुण्यानं 'नको' म्हटलं की यजमान ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. 'पुरे' म्हटलं की एक पळी वाढे. पण पाहुणा घामाघूम होऊन भिंतीला टेकला, की यजमानही थांबत असे. पोट भरणं हे एकच कारण आपल्याकडे मान्य होतं. निवांतनं तेवढं काढून घेतलं. आता कुणी ताटावर हात आडवा धरला की चारी बाजूंनी आवाज येई, "अहो, निवांत घ्या की!"

सरांचे साडू अनिलराव यांच्या जावयानं आदल्या वर्षीच्या दिवाळसणाला बासुंदीचं पातेलं रिकामं केलं होतं. त्याची चित्रफीत नात्यातल्या सगळ्यांकडे होती. अनिलराव ती अजून दाखवत, आणि दाखवताना पातेल्याकडे बोट करत.

सरांची मुलगी सानिका हिचं लग्न वैशाखात झालं. जावई ऋतुराज भोकरे आंतरशहर बससेवेत चालक होता. शांत, मितभाषी, आणि खाण्याच्या बाबतीत अत्यंत निराशाजनक. दोन पोळ्या, थोडा भात. दारूला तो शिवत नसे. त्याचे वडील तिच्यापायी गेले होते. जिथं बाटल्या उघडतात त्या लग्नात तो जेवायलाही थांबत नसे. सरांना याचं कौतुक होतं, पण पाडव्याला अनिलराव सहकुटुंब येणार होते, आणि दोन पोळ्या खाणारा जावई त्यांना कसा दाखवायचा, हा सरांपुढचा प्रश्न होता.

त्यांनी तो आपल्या विषयाच्या आधारे सोडवला. आपल्या कपाटातल्या दोन कॅप्सूल उघडून जावयाच्या पहिल्या वाटीत रिकाम्या केल्या.

"काय घालताय ओ?" हेमाकाकूंनी विचारलं.

"वेलदोडा."

"मी घातलाय की."

"जावयाला जरा जास्त."

याला ते फसवणूक म्हणत नव्हते. पोराला त्रास होऊ नये म्हणून घेतलेली काळजी, असं म्हणत होते. तेही मनातल्या मनात.

पंगत बसली. ऋतुराजनं पहिली वाटी संपवली आणि हात धुवायच्या बेतानं पाट सरकवला.

"अरे अरे, चिमणीचं पोट काय जावयाचं?" अनिलराव म्हणाले. "आमच्या पोरीचा नवरा बघा, पातेलं पुसलं त्यानं."

"मामा, खरंच नको. उद्या सकाळची ड्युटी आहे," ऋतुराज सासऱ्यांना म्हणाला.

"ड्युटी काय पळून जाते का?" सर म्हणाले. "एकच वाटी. सासूबाईंचं मन मोडायचं नाही."

एक झाली. मग मेहुणीच्या नावानं एक झाली. ऋतुराजला नवल वाटत होतं की पोट नेहमीसारखं फुगत का नाहीये. त्यानं वाटीवर पंजा पालथा धरला. सरांनी पळी कलती केली आणि बासुंदी सरळ त्याच्या बोटांवर ओतली. ती फटींतून वाटीत उतरली. सगळे खो खो हसले, अनिलरावसुद्धा. ऋतुराज बोटांकडे बघत राहिला, आणि मग तोही थोडा हसला, कारण नव्या जावयानं हसायचं असतं.

त्या दुपारी सर फार दिवसांनी समाधानानं झोपले. एरवी ते वामकुक्षी सवयीनं घेत. आज मानानं घेतली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आगारात ऋतुराज हुंगणीसमोर उभा राहिला, नाव सांगितलं, आणि लाल दिवा लागला. पुन्हा नाव सांगितलं, पुन्हा लाल. जागच्या जागी निलंबन झालं. आगारप्रमुखांपुढे सुनावणी होईपर्यंत घरी बसायचं. आरोप शाबीत झाला तर लायसन्स कायमचं रद्द.

दुपारपर्यंत सानिका बॅग घेऊन माहेरी हजर.

"मी स्वतः वास घेतला बाबा," ती म्हणाली. "तोंडाला, शर्टाला. अननस. तुमच्या शिऱ्यासारखा."

सर वर्तमानपत्राची घडी घालत होते. ती त्यांनी पुन्हा उलगडली.

"तो काय म्हणतो?" हेमाकाकूंनी विचारलं.

"आईशप्पथ म्हणतो, थेंब घेतला नाही. आई, त्याचे वडील रोज रात्री दारात उभं राहून हेच म्हणायचे. अगदी हेच शब्द. त्यानंच मला सांगितलंय." ती थांबली. "काल जेवल्यावर मित्रांकडे जाऊन येतो म्हणून तासभर बाहेर गेला होता. तिथंच घेतली असणार. निदान मान्य तरी करायचं ना."

सरांना सगळं समीकरण दिसत होतं, दोन्ही बाजू तोलून, फळ्यावर खडूनं लिहिल्यासारखं. एक वाक्य बोललं की विषय संपत होता. पण त्या वाक्यात 'माझ्या कपाटातल्या' असे दोन शब्द येत होते, आणि ते वगळून वाक्य कसं करायचं ते त्यांना सुचेना.

"घाईनं काही ठरवू नको," ते म्हणाले. "शरीरात कधी कधी काहीही होऊ शकतं."

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला शोभेल असं हे वाक्य नव्हतं.

दोन दिवसांनी ऋतुराज आला. सानिका आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तो दाराकडे बघून खुर्चीच्या कडेवर बसला. दाढी वाढली होती.

"मामा, एक विचारायचंय. तुम्ही केमिस्ट्रीचे. माणसानं दारू घेतली नाही, तरी हा वास येऊ शकतो का? शास्त्रीय काही असतं का तसं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"का रे?"

"उद्या सुनावणी आहे. आमच्या आगारप्रमुख मुजावर मॅडम म्हणाल्या, जाणकार माणूस असेल तर आणा. माझ्या माहितीत जाणकार तुम्हीच." त्यानं आवाज खाली आणला. "नोकरीचं बघू. ट्रक चालवीन नाहीतर अजून काही. पण सानिका बघते ना माझ्याकडं, ते आमची आई बघायची तसं बघते. ते नाही सहन होत."

"येतो मी," सर म्हणाले.

तो गेल्यावर सानिका बाहेर आली. रडून डोळे सुजले होते. "बाबा, तुम्ही उद्या खरं काय ते सांगा. तुम्ही म्हणालात शक्य नाही, तर मी विषय संपवते. तुमचा शब्द शेवटचा."

रात्री जेवताना सरांनी भात मागितला नाही. हेमाकाकूंनी न विचारता वाढला.

*

आगारप्रमुख शबाना मुजावर यांचं ऑफिस कँटीनला लागून होतं. मधल्या खिडकीतून भज्यांचा वास येई. टेबलाच्या एका बाजूला मॅडम, समोर ऋतुराज, मागच्या बाकावर सानिका आणि हेमाकाकू. दाराशी दोन-तीन चालक काम नसल्यासारखे उभे होते.

"बोला सर," मॅडम म्हणाल्या. "दारू न पिता एस्टर होऊ शकतं?"

"होऊ शकतं. साखरेपासून. पण निवांत पोटात गेलेली पाहिजे."

"तो तर म्हणतो, मी निवांत कधी बघितली पण नाही."

"खरं बोलतोय." सरांनी घसा खाकरला. वर्गात ते नेहमी मागच्या बाकाकडे बघून बोलत. आज मागच्या बाकाकडे बघणं शक्य नव्हतं, म्हणून ते पेपरवेटकडे बघून बोलले. "मी घातली. पाडव्याला. त्याच्या बासुंदीत. त्याला न सांगता."

दाराशी कुणीतरी "आयला" म्हणालं.

"कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

सरांनी सांगण्याचा प्रयत्न केला. साडू, चित्रफीत, पातेलं. तिथं, सरकारी टेबलासमोर ते सगळं फार विचित्र ऐकू येत होतं. एका ठिकाणी ते 'घराण्याचा मान' असं म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले.

"जावयानं जास्त बासुंदी खावी म्हणून," मॅडमनी हळू आवाजात खात्री करून घेतली.

"हो."

"आणि गोळी तुमच्याकडं कुठनं आली?"

हाच तो प्रश्न होता. "माझ्या कपाटात असते," सर म्हणाले. "मी शनिवारी घेतो. बुद्धिबळाच्या वेळी."

हेमाकाकूंच्या क्षणभर काही लक्षात आलं नाही. मग आलं. "म्हणजे तो शिरा," त्या म्हणाल्या, "दर रविवारी मी जीभ भाजून घेऊन करत होते, तो कशासाठी होता?"

सरांनी पेपरवेट दोन बोटं पुढं सरकवला.

सानिका उठून उभी राहिली. "मी तुमच्या शब्दावर त्याला सोडायला निघाले होते बाबा. तीन दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून पेपर वाचत होता."

ऋतुराज मात्र सासऱ्याकडे बघतच नव्हता. तो आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होता.

"सर," मॅडम म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. जावयाला वाचवायला सासरे काहीही सांगतात. गेल्या महिन्यात एकानं सांगितलं, जावई रात्रभर अननसाच्या गाडीत झोपला होता. वरती मी काय लिहू? मला सिद्ध करून पाहिजे."

मुलांना, मी म्हणतो म्हणून मान्य करू नका, प्रयोग करून बघा, असं सर जन्मभर सांगत आले होते. त्यांनी खिशातून डबी काढली. सकाळी निघताना ती का बरोबर घेतली, हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं. बहुधा वाटेत ओढ्यात टाकायला.

"आधी माझी तपासणी करा," ते म्हणाले. "मग बासुंदी मागवा."

*

हुंगणीसमोर उभं राहून सरांनी नाव सांगितलं. हिरवा दिवा. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी कॅप्सूल गिळली आणि कँटीनमधल्या स्टीलच्या टेबलाशी बसले. समोरच्या डेअरीतून बासुंदीचा डबा आला. बातमी आगारभर गेलीच होती. चालक, मेकॅनिक, पास काढायला आलेली कॉलेजची मुलं भिंतीला लागून उभी राहिली. त्यांत दोन सरांचे जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी सवयीनं नमस्कार केला, आणि मग तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"वाढणार कोण?" मॅडमनी विचारलं.

कँटीनवाल्यानं हात झटकले. "असलं पुण्य मला नको."

ऋतुराजनं न बोलता पळी उचलली.

हुंगणी शेवटी लाल झाली. त्याला चहाची वेळ उजाडली. मुजावर मॅडमनी दोनदा खात्री केली, निलंबन मागं घेतलं, आणि साखरेबद्दल वर कळवते म्हणाल्या. कँटीनभर पिकलेल्या अननसाचा वास सुटला होता आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो कुणाचा हे ठाऊक होतं. सानिका ऋतुराजबरोबर त्याच्या घरी गेली. जाताना "येते" म्हणाली, ते आईला. हेमाकाकू रिक्षात सरांच्या शेजारी बसल्या, पण पिशवी मध्ये ठेवून. हे सगळं नंतर.

त्याआधी, तिसऱ्या वाटीनंतर एकदा तपासलं होतं आणि दिवा हिरवाच होता. चौथी संपली, तरी हिरवाच. निवांत पचवते, पण एकसष्ट वर्षांच्या पोटाची पिशवी मोठी करत नाही. सरांच्या कपाळावर घाम आला होता. समोरची माणसं धूसर दिसत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या की सर, निवांत!" आणि हशा पिकला. ऋतुराजनं पाचव्यांदा डब्यात पळी बुडवली, आणि सरांचा हात आपोआप वाटीवर पालथा पडला.

त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर थंड, चिकट धार पडायची वाट बघितली. आता जावई सूड घेणार, आणि तो घ्यावाच, असं त्यांना वाटत होतं. चार टोमणे मारले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

धार पडली नाही. त्यांनी डोळे उघडले. पळी वाटीच्या वर, हवेत थांबलेली होती. तिच्या काठावरून एक थेंब लोंबत होता.

"पुरे का मामा?" ऋतुराजनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. शोधूनही नव्हता.

"अजून लाल कुठं झालंय?"

"नाही झालं तर नाही झालं. तुम्ही पुरे म्हणालात तर मी थांबतो."

त्याची नोकरी त्या पळीत होती, आणि बायकोही. बाकावर बसलेली सानिका दोघांकडे बघत होती. सर आपल्या पालथ्या हाताकडे बघत होते. इतक्या पंगती त्यांनी उठवल्या, इतक्या वाट्यांवर हात आडवे आलेले बघितले, पण तो हात म्हणजे काहीतरी सांगणं असतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तो आपल्याकडे एक खेळ असतो, अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"वाढा," ते म्हणाले.

ऋतुराजनं लगेच वाढलं नाही. "नक्की?"

मोरबाळ्यांच्या घरात जेवायला बसलेल्या माणसाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. सरांनी मान हलवली, आणि मगच पळी खाली आली.